‘काही आठवड्यांसाठी’: केनेथ डोनाल्डसन यांची साडेचौदा वर्षे

१/
मराठीत एक जुनी थट्टा आहे. कोणी जरा विचित्र वागले की मुंबईकडे म्हणतात, ‘याला ठाण्याला पाठवा’. पुण्यात त्याच वाक्यात येरवडा येतो. या थट्टेत दोन गोष्टी गृहीत असतात. पाठवणारे दुसरेच कोणीतरी असतात, आणि ज्याला पाठवायचे त्याचे मत विचारण्याचे कारण नसते. या दोन्ही गृहीतकांना अमेरिकेच्या न्यायालयांत आव्हान कसे मिळाले आणि त्या आव्हानाचे पुढे काय झाले, त्याचा हा थ्रेड.

२/
फ्लोरिडा, जानेवारी १९५७. केनेथ डोनाल्डसन नावाचे ४८ वर्षांचे गृहस्थ पिनेलस काउंटीच्या न्यायाधीशांसमोर उभे होते. त्यांनी कोणाला मारले नव्हते, काही चोरले नव्हते, स्वतःला इजा केली नव्हती. न्यायाधीशांनी त्यांना समजावले की काही आठवड्यांसाठी रुग्णालयात जायचे, तिथे नवे औषध घ्यायचे, की सारे ठीक होईल. डोनाल्डसन तिथून बाहेर पडले ते जुलै १९७१ मध्ये.

३/
प्रकरणाची सुरुवात घरातूनच झाली होती. १९४३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मार्सी येथील रुग्णालयात त्यांच्यावर विजेच्या झटक्यांचे उपचार झाले होते. त्यानंतर ते बाहेर आले आणि पुढची जवळजवळ चौदा वर्षे स्वतःच्या कमाईवर जगले. १९५६ मध्ये ते वृद्ध आईवडिलांना भेटायला फ्लोरिडात गेले. आपल्या अन्नात कोणीतरी विष घालत असावे, असा संशय त्यांनी बोलून दाखवला. वडील घाबरले आणि मुलाच्या मनःस्थितीची तपासणी व्हावी म्हणून त्यांनीच न्यायालयात अर्ज केला.

४/
त्या वडिलांना खलनायक ठरवणे सोपे आहे, परंतु तसे करण्याने इतिहास कळत नाही. मुलाच्या काळजीपोटी त्यांनी कायद्याचे दार ठोठावले. ते दार आतल्या बाजूने उघडण्याची सोय मात्र कोणीही केलेली नव्हती. या विषयातील बहुतेक खटल्यांच्या मुळाशी असा एखादा आप्त सापडतो: नवरा, बाप, आई. म्हणूनच हा इतिहास गुन्हेगारी कायद्याच्या इतिहासाहून अधिक गुंतागुंतीचा आहे.

५/
येथे जवळजवळ शंभर वर्षे मागे जायला हवे. १८५१ च्या इलिनॉय राज्याच्या कायद्यानुसार विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या विनंतीवरून वेड्यांच्या इस्पितळात ठेवता येत असे. इतरांच्या बाबतीत वेडाचा जो पुरावा आवश्यक होता, तो तिच्या बाबतीत लागत नसे. १८६० मध्ये थिओफिलस पॅकार्ड या धर्मोपदेशकाने आपली पत्नी एलिझाबेथ यांना जॅक्सनव्हिलच्या इस्पितळात असेच धाडले. नवऱ्याच्या कडव्या धर्ममतांशी त्यांचे पटत नव्हते आणि तसे त्या उघडपणे बोलत होत्या. त्या सहा मुलांच्या आई होत्या.

६/
तीन वर्षांनी इस्पितळाने त्यांना घरी पाठवले, तेव्हा नवऱ्याने त्यांना खोलीत कोंडले. या वेळी मात्र कायद्याची एक फट सापडली. इस्पितळात पाठवण्याचा अधिकार नवऱ्याला होता. घरात कोंडण्याचा नव्हता. बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे हेबिअस कॉर्पसचा अर्ज झाला आणि जानेवारी १८६४ मध्ये कँकाकी येथे ज्यूरीसमोर सुनावणी झाली. ज्यूरीने अवघ्या सात मिनिटांत एलिझाबेथ पॅकार्ड शहाण्या असल्याचा निर्णय दिला. त्या घरी परतल्या तेव्हा नवरा मुलांना व सामानसुमानाला घेऊन निघून गेला होता.

७/
पॅकार्ड यांनी उरलेले आयुष्य पुस्तके लिहिण्यात आणि राज्याराज्यांच्या विधिमंडळांत खेपा घालण्यात घालवले. १८६७ मध्ये इलिनॉयने ज्यूरीसमोर सुनावणी झाल्याशिवाय कोणालाही इस्पितळात डांबता येणार नाही, असा कायदा केला. पुढे डॉक्टरांचा एक आक्षेप वजनदार ठरत गेला: आजार ठरवणे हे वैद्यकाचे काम आहे, बारा सामान्य नागरिकांचे नाही, भर कचेरीत रुग्णाचे वाभाडे काढणे अमानुष आहे. आक्षेपात तथ्य होते. परिणाम असा झाला की विसाव्या शतकात अनेक ठिकाणी सुनावणी हा एक उपचार उरला आणि डॉक्टरांची सही निर्णायक ठरू लागली.

८/
सक्तीच्या भरतीमागे कायद्याचे दोन आधार आहेत. पहिला राज्याचा पोलिसी अधिकार: जो इतरांना धोकादायक आहे, त्याला रोखता येते. दुसरा आधार ‘राज्य हेच पालक’ या जुन्या इंग्रजी तत्त्वाचा: ज्याला स्वतःचे हित कळत नाही, त्याची काळजी राजाने घ्यावी. पहिल्या आधारावर उभे असताना राज्याला धोका सिद्ध करावा लागतो. दुसऱ्या आधारावर तेवढेही करावे लागत नसे, कारण हेतू शिक्षेचा नसून दयेचा आहे असे मानले जाई. दयेला पुरावा कोण मागणार?

९/
डोनाल्डसन यांना चॅटाहूची गावच्या सरकारी रुग्णालयात नेण्यात आले. ती वास्तू मुळात लष्करी शस्त्रागार होती, नंतर राज्याचा तुरुंग झाली आणि १८७६ पासून मनोरुग्णालय. निदान झाले ‘पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया’. डोनाल्डसन ख्रिश्चन सायन्स पंथाचे अनुयायी होते, म्हणून त्यांनी औषधे व विजेचे उपचार नाकारले. रुग्णालयाने ती सक्ती केली नाही, हे नोंदवायलाच हवे. पण औषधाऐवजी काहीच मिळाले नाही. आवारात मोकळे फिरण्याची मुभा, एखादे काम शिकण्याची संधी, डॉक्टरांशी आपल्या प्रकरणाबद्दल बोलण्याची सवड, या साऱ्यांसाठी त्यांनी विनंत्या केल्या. त्या नाकारल्या गेल्या.

१०/
पुढे न्यायालयात रुग्णालयाने सांगितले की त्यांना ‘मिल्यू थेरपी’, म्हणजे परिसराद्वारे उपचार, दिला जात होता. साक्षी झाल्या तेव्हा उलगडले की या भारदस्त नावाचा अर्थ एवढाच होता: त्यांना मनोरुग्णालयाच्या परिसरात ठेवलेले होते. कोंडणे हाच उपचार, असे त्या शब्दाने सांगून टाकले होते.

११/
डोनाल्डसन एका चमत्कारिक तर्कात अडकले होते. ‘मी आजारी नाही’ असे म्हणावे, तर आजाराची जाणीव नसणे हे आजाराचेच लक्षण. ‘मी आजारी आहे’ असे म्हणावे, तर मग सुटका कशाला हवी? वारंवार अर्ज करावेत, तर आपल्यावर अन्याय होत आहे असे वाटणे हे संशयग्रस्त मनाचे चिन्ह. अशा तर्काच्या बाहेर पडण्याची वाट त्या तर्कातच नसते. ती बाहेरच्या कोणीतरी उघडावी लागते.

१२/
बाहेरचे लोक तयार होते. १९६३ मध्ये मिनियापोलिस येथील ‘हेल्पिंग हँड्स’ या संस्थेने, जी मनोरुग्णांसाठी निवासगृह चालवीत असे, डोनाल्डसन यांची जबाबदारी घेण्याची तयारी पत्राने कळवली. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. जे. बी. ओकॉनर यांनी उत्तर दिले की सुटका होईल ती केवळ आईवडिलांच्या स्वाधीन. हा नियम कोणत्याही कायद्यात नव्हता. तो बहुधा ओकॉनर यांनीच केलेला होता. डोनाल्डसन तेव्हा ५५ वर्षांचे होते. त्यांचे आईवडील इतके थकलेले होते की जबाबदारी घेणे त्यांना शक्य नव्हते, आणि हे ओकॉनर यांना ठाऊक होते. त्या आईवडिलांशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. संस्थेच्या तयारीबद्दल मात्र त्यांनी एका शब्दानेही कळवले नाही.

१३/
१९६४ ते १९६८ या काळात महाविद्यालयीन दिवसांतील एका जुन्या मित्राने चार वेळा विनंती केली: ‘यांना माझ्याकडे सोपवा.’ चारही वेळा नकार. स्वतः डोनाल्डसन राज्याच्या व संघराज्याच्या न्यायालयांकडे अर्जांमागून अर्ज पाठवत होते. ज्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे त्यांचे नाव कायद्याच्या पुस्तकांत कायमचे लिहिले, त्यानेही १९६० च्या दशकात त्यांचे अर्ज सुनावणीस घेतले नव्हते.

१४/
याच सुमारास एक वेगळा विचार आकार घेत होता. मॉर्टन बर्नबॉम हे डॉक्टरही होते आणि वकीलही. १९६० मध्ये अमेरिकन बार असोसिएशनच्या नियतकालिकात त्यांनी ‘उपचारांचा हक्क’ ही कल्पना मांडली. उपचार करण्यासाठी म्हणून राज्य एखाद्याचे स्वातंत्र्य काढून घेत असेल, तर उपचार देणे राज्यावर बंधनकारक आहे. उपचार नसतील, तर ते रुग्णालय म्हणजे शिक्षेविना तुरुंग. पुढे बर्नबॉम डोनाल्डसन यांचे वकील झाले.

१५/
या कल्पनेला पहिले मोठे यश अलाबामा राज्यात मिळाले, तेही वेगळ्याच कारणाने. सिगारेटवरील कराचे उत्पन्न घटले म्हणून टस्कालूसाच्या ब्राइस रुग्णालयातील अनेक कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले. दावा उभा राहिला तो या नोकरकपातीतून, पण रिकी वायट या किशोरवयीन रुग्णाचे नाव त्यात वादी म्हणून आले आणि प्रश्नच बदलला. पाच हजारांवर रुग्ण आणि मूठभर मानसोपचारतज्ज्ञ, हे चित्र न्यायालयापुढे आले. १९७१ मध्ये न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी सक्तीने ठेवलेल्या रुग्णांना उपचारांचा घटनात्मक हक्क आहे असे ठरवले. खटला तीस वर्षांहून अधिक काळ चालला.

१६/
दुसरा धागा प्रक्रियेचा. ऑक्टोबर १९७१ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात अल्बर्टा लेसार्ड या माजी शिक्षिकेला दोन पोलिसांनी घरासमोरून उचलून रुग्णालयात नेले. त्यांच्या अनुपस्थितीत न्यायाधीशांकडून मुदत वाढवून घेण्यात आली. वकील त्यांनी स्वतःच्या खटपटीने मिळवला. १९७२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने म्हटले की कारणांची पूर्वसूचना, अठ्ठेचाळीस तासांत प्राथमिक सुनावणी, वकील, मौन राखण्याचा हक्क आणि वाजवी संशयापलीकडचा पुरावा, हे सारे आरोपीला मिळते तर रुग्णालाही मिळाले पाहिजे. कोंडण्याआधी कमी बंधनाचा पर्याय तपासला का, हेही राज्याने सांगावे. कुलूप तुरुंगाचे असो वा इस्पितळाचे, आतल्या माणसासाठी ते कुलूपच असते, हा त्या निर्णयाचा आशय.

१७/
फेब्रुवारी १९७१ मध्ये डोनाल्डसन यांनी ओकॉनर व इतर अधिकाऱ्यांवर नागरी हक्कांच्या उल्लंघनाचा दावा लावला. दाव्याचा आधार होता १८७१ चा संघराज्यीय कायदा, जो यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या संरक्षणासाठी करण्यात आला होता. तोवर ओकॉनर निवृत्त झाले होते. खटला उभा राहण्यापूर्वीच, रुग्णालयाच्याच कर्मचाऱ्यांच्या पाठिंब्याने, डोनाल्डसन यांची सुटका झाली. प्रमुखांच्या खुर्चीवरील माणूस बदलताच चौदा वर्षांचा आजार अडथळा राहिला नाही. बाहेर पडताच त्यांना एका हॉटेलात जबाबदारीची नोकरी मिळाली.

१८/
नोव्हेंबर १९७२ मध्ये ज्यूरीसमोर साक्षी झाल्या. डोनाल्डसन यांनी कधी कोणतेही धोकादायक कृत्य केल्याचे आपल्याला प्रत्यक्ष वा ऐकीवही माहीत नाही, हे ओकॉनर यांनी मान्य केले. डोनाल्डसन बाहेर स्वतःचे पोट भरू शकले असते, हे दुसऱ्या प्रतिवादी डॉक्टरांनीही मान्य केले. आम्ही राज्याच्या कायद्यावर विसंबून सद्‌भावनेने वागलो, असा बचाव होता. ज्यूरीने एकूण ३८,५०० डॉलरची भरपाई ठरवली; त्यांपैकी १०,००० डॉलर दंडात्मक होते.

१९/
२६ जून १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला. डोनाल्डसन यांच्या बाजूने ब्रूस एनिस यांनी युक्तिवाद केला होता. न्या. पॉटर स्ट्युअर्ट यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा: जो माणूस धोकादायक नाही आणि जो स्वतःच्या बळावर किंवा इच्छुक व जबाबदार आप्तमित्रांच्या मदतीने बाहेर सुरक्षित जगू शकतो, त्याला राज्य केवळ मानसिक आजाराच्या कारणाने कोंडून ठेवू शकत नाही. ज्यांचे वागणे वेगळे आहे अशांचे दर्शन इतरांना नको वाटते, एवढ्यावर कोणाला कुंपणाआड ठेवता येत असेल, तर कुरूप आणि विक्षिप्त माणसांनाही ठेवता येईल, असे त्यांनी सुनावले.

२०/
या निकालाने काय ठरवले नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. डोनाल्डसन आजारी नव्हते, असे न्यायालयाने म्हटले नाही. तो प्रश्न त्याला गौण वाटला. ‘उपचारांचा हक्क’ खालच्या अपिली न्यायालयाने मान्य केला होता, त्याला सर्वोच्च न्यायालयाने बगल दिली. सरन्यायाधीश बर्गर यांनी तर स्वतंत्र मत लिहून त्या कल्पनेला विरोध नोंदवला. भरपाईचा प्रश्न अधिकाऱ्यांच्या संरक्षणाच्या निकषावर फेरविचारासाठी परत गेला. बर्नबॉम यांची कल्पना ज्या माणसाला न्यायालयापर्यंत घेऊन आली, त्याच्याच खटल्यात ती दाराबाहेर राहिली.

२१/
चार वर्षांनी, १९७९ मध्ये, टेक्सासमधील ॲडिंग्टन प्रकरणात पुराव्याचे मोजमाप ठरले. तेथे भरतीचा अर्ज आईने केला होता. साध्या शक्याशक्यतेवर कोणाला डांबता येणार नाही. फौजदारी खटल्याइतका कडक पुरावाही मागता येणार नाही, कारण मनाच्या निदानात तेवढी निश्चिती नसते. पुरावा ‘स्पष्ट आणि खात्रीलायक’ असावा, असे न्यायालयाने म्हटले. कायदा आणि वैद्यक यांच्यातील १८६४ पासूनचा वाद असा मधल्या पायरीवर येऊन थांबला.

२२/
ही कथा येथे विजयाने संपवता आली असती. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. पुढच्या तीन दशकांत ती रुग्णालये वेगाने रिकामी झाली. त्याला केवळ खटले कारण नव्हते. १९५४ पासून आलेली नवी औषधे, १९६५ पासून वैद्यकीय साहाय्याच्या केंद्रीय निधीचे नियम आणि राज्यांची काटकसर ही मोठी कारणे होती. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी गावोगावी मानसोपचार केंद्रे उभारण्याच्या कायद्यावर सही केली होती. ठरवलेल्या केंद्रांपैकी पुरेशी केंद्रे कधी उभीच राहिली नाहीत.

२३/
परिणामी अनेक माणसे रुग्णालयातून पदपथावर आणि पदपथावरून तुरुंगात गेली. हक्क शाबूत राहिले आणि माणूस मेला, अशी टीका काही डॉक्टरांनी आणि नातलगांनी केली. तिला सहजी झटकता येत नाही. पण तिचे उत्तर बर्नबॉम यांनी १९६० मध्येच लिहून ठेवले होते. कुलूप काढणे हे अर्धे काम. काळजी पुरवणे हे उरलेले अर्धे. न्यायालयाने पहिले अर्धे काम मान्य केले. दुसऱ्याला पैसे लागतात, आणि ते देणे विधिमंडळांच्या हाती होते.

२४/
भारतात १९१२ चा ‘लुनसी’ कायदा स्वातंत्र्यानंतर चार दशके टिकला. निराधार फिरणाऱ्या मनोरुग्णाला पोलीस दंडाधिकाऱ्यासमोर उभे करत आणि रुग्णालयात जागा नाही म्हणून अनेकांची रवानगी तुरुंगात होई. ज्यांनी कोणताही गुन्हा केलेला नाही अशा मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ठरवले. ती याचिका होती मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांची. त्याआधी मुंबईच्या कारागृहातील स्त्री-कैद्यांना भेटून त्यांनी लिहिलेल्या पत्रावरून १९८३ मध्ये कोठडीतील स्त्रियांच्या संरक्षणाचे निर्देश निघाले होते.

२५/
तरीही आसामचे माचांग लालुंग राहिले. १९५१ मध्ये अटक झाली, तेजपूरच्या मनोरुग्णालयात रवानगी झाली. १९६७ मध्ये डॉक्टरांनी ते बरे झाल्याचे कळवले, तेव्हा त्यांना गुवाहाटीच्या तुरुंगात नेण्यात आले. खटला कधी चाललाच नाही. २००५ मध्ये ते सुटले. चोपन्न वर्षे. डोनाल्डसन यांच्यापाशी निदान टपाल होते, इंग्रजी होती, अर्ज लिहिण्याची चिकाटी होती. लालुंग यांच्यासाठी पत्र लिहिणारे कोणी यायला अर्धे शतक लागले.

२६/
२०१७ चा भारतीय मानसिक आरोग्य सेवा कायदा या साऱ्या इतिहासाचा वारसा सांगतो. रुग्णाच्या संमतीविना होणारी भरती सुरुवातीला तीस दिवसांपुरतीच. तिच्यासाठी दोन स्वतंत्र तपासण्या लागतात. रुग्णाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो. पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते, मोफत कायदेशीर साहाय्य मिळवता येते. पॅकार्ड यांना नवऱ्याविरुद्ध आणि डोनाल्डसन यांना ओकॉनर यांच्याविरुद्ध जे हवे होते, त्यातील बरेच कागदावर आले आहे. मंडळे कामाला लागली, वकील खरोखर वॉर्डापर्यंत पोचला, तरच त्या कागदाला अर्थ.

२७/
डोनाल्डसन यांनी १९७६ मध्ये आपल्या अनुभवावर पुस्तक प्रसिद्ध केले. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या मनात काय चालले होते, विषाचा संशय आजार होता की भीती, हे आज कोणालाच ठरवता येणार नाही. त्यांच्या खटल्याने ते ठरवण्याची गरजच संपवली. माणूस आजारी असला तरी त्याला कारण सांगावे लागते, त्याचे ऐकावे लागते आणि ‘काही आठवडे’ म्हटले असेल तर आठवडे मोजावे लागतात. ‘ठाण्याला पाठवा’ या थट्टेत वगळलेला प्रश्न एवढाच होता: त्याला विचारले का?